अडीनडीचं पाणी

बारकीचं वय साठीच्या पुढे गेलं होतं, वजन तर साठीच्या बरंच पुढे गेलं होतं, पण थोरल्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं नाव काही तिला सोडत नव्हतं. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबायची आणि वर चौथ्या मजल्यावरून हाक यायची, "बारके, आलीस का?" एखादा नवा भाडेकरू मागून चढत असला की तो कोणी लहान मुलगी दिसते का ते बघायचा, आणि बारकीला बघून घाईघाईने भिंतीला चिकटून वाट करून द्यायचा.

हाक मारणारी ती ताई. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची, कारण अख्खी हयात तिने इस्पितळात काढली होती. शेवटची बरीच वर्षं ती बायकांच्या वॉर्डची मुख्य सिस्टर होती, आणि तिच्या वॉर्डात चादर सुरकुतायलासुद्धा भीत असे, असं लोक म्हणायचे. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. ताईला सवड मिळाली नाही आणि बारकीला कोणी पटलं नाही. निदान दोघी सांगायच्या तरी असंच. दोन खोल्यांचं घर. एक खोली ताईची, एक बारकीची, आणि दोन्ही खोल्या पाण्याच्या.

म्हणजे अक्षरशः पाण्याच्या. ताईच्या कॉटखाली पाणी, बारकीच्या कॉटखाली पाणी. कपाटाच्या तळाशी, जिथे इतर लोक जुने बूट ठेवतात, तिथेही पाणी. न्हाणीघरात झाकणाचं निळं पिंप आणि शेजारी बादल्या असायच्या, पण ते वापरायचं, धुण्यापुसण्याचं. त्याला ताई पाणी म्हणतच नसे. पाणी म्हणजे कॅनमधलं, प्यायचं. जाड पांढरे कॅन गळ्यापर्यंत भरलेले, झाकणं घट्ट, उन्हापासून लांब, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी. पट्टीवर ताईच्या टपोऱ्या अक्षरात पाणी भरल्याची तारीख. बारकी कामाला बसायची त्या टेबलाखालीसुद्धा दोन कॅन होते. पाय लांब करायला गेलं की अंगठा आपटायचा. "लोक समुद्रकाठी घर घेतात, मला समुद्र टेबलाखालीच मिळालाय," असं ती म्हणायची. ताई हसायची नाही. पाण्यावरचे विनोद तिला चालत नसत.

त्याला एक कारण होतं, आणि ते तिने आयुष्यात एकदाच सांगितलं होतं. ती नुकती नोकरीला लागली होती तेव्हा इस्पितळाकडे येणारी पाइपलाइन फुटली आणि सगळे वॉर्ड कोरडे पडले. नुकतीच बाळंत झालेली एक बाई पाणी मागत होती. ताई पेला घेऊन या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरली, स्वयंपाकघरात गेली, आणि शेवटी डॉक्टरांच्या खोलीतला कोणाचा तरी उरलेला गार चहा घेऊन आली. बाई तो प्यायली आणि म्हणाली, "पाणी नाही का हो?" बाईला काही झालं नाही. संध्याकाळी टँकर आला, ती पोटभर पाणी प्यायली आणि यथावकाश बाळ घेऊन घरी गेली. पण रिकामा पेला हातात धरून "आणते हं" म्हणत फिरताना ताईला जी लाज वाटली, ती मात्र कुठे गेली नाही. तेव्हापासून ती जिथे राहिली तिथे पाणी भरून ठेवत आली. अडीनडीचं पाणी, असं ती त्याला म्हणायची.

बारकीला हे वेड फार आवडायचं अशातला भाग नव्हता. पण ताई निवृत्त झाली तेव्हाचे दिवस तिने पाहिले होते. ताई सकाळी उठून, आवरून, खिडकीशी खुर्ची ओढायची आणि बसून राहायची. ताट समोर ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. "बरी आहे ग मी," एवढंच म्हणायची, आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणायची की बारकीच्या काळजाचं पाणी व्हायचं, कारण ताईचा आवाज गोड कधीच नव्हता. मग एका पहिल्या तारखेला ती आपणहून उठली, कॉटखालचे कॅन ओढून काढले आणि कडाडली, "या घरातलं पाणी किती जुनं झालंय याचा कोणाला पत्ता आहे का?" घरात बारकीशिवाय दुसरं कोणी नव्हतं, पण ओरडा वॉर्डभर पुरेल एवढा होता. बारकीच्या जिवात जीव आला.

तेव्हापासून पहिली तारीख म्हणजे पाणी बदलायचा दिवस. सगळे कॅन रिकामे करायचे, धुवायचे, नरसाळं उकळायचं, पुन्हा भरायचं, नवी पट्टी लावायची. दर महिन्याला बदलायची काही गरज नाही हे ताईलाही ठाऊक होतं. पण गरज पाण्याला नव्हतीच. बारकीने ते ओळखलं आणि तोंडाला कुलूप लावलं. रिकाम्या नजरेने खुर्चीत बसलेल्या ताईपेक्षा टेबलाखाली आपटणारा अंगठा पुष्कळ परवडला.

आणि तारखेच्या बाबतीत ताईशी गाठ होती. तिच्या वॉर्डातल्या एका शिकाऊ मुलीने एकदा औषधाच्या बाटल्यांवर अंदाजाने तारखा टाकल्या. ताईने अख्खं फडताळ खाली करायला लावलं आणि त्या मुलीच्याच हाताने सगळ्या बाटल्या मोरीत ओतून घेतल्या. "आत काय आहे ते डोळ्याला दिसत नाही," ती म्हणाली. "वर जे लिहिलंय तेवढंच पेशंटला माहीत असतं. ते खोटं झालं तर आपण इथे कशाला उभ्या आहोत?" मुलगी हमसाहमशी रडली. ताईने तिला नंतर चहा पाजला, पण बाटली एकही वाचवली नाही. घरी येऊन तिने हे सगळं बारकीला सांगितलं होतं, आणि सांगताना तिला जराही वाईट वाटलं नव्हतं.

बारकी रफू करायची. खालच्या लाँड्रीवाल्याकडे भोकं पडलेले कपडे येत, कोणाचा कोट कसरीने खाल्लेला, कोणाच्या पँटवर सिगारेटची ठिणगी पडलेली, आणि तो ते वर पाठवून द्यायचा. कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उसवून घ्यायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून बंद करायचं. चांगलं रफू म्हणजे जे दिसत नाही ते. त्यामुळे बारकीच्या कामाचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, आणि ते कोणी केलं नाही याचं तिला फार कौतुक होतं.

या कामात डोळे गुंतलेले असतात, कान मोकळे. पहिल्या तारखेचे आवाज बारकीला पाठ झाले होते. कॅन फरशीवरून ओढल्याचा आवाज, मग ओतल्याचा, मग कॅन भरत आला की पाण्याचा सूर चढत जातो तो. हिवाळा सुरू होत होता तेव्हाच्या एका पहिल्या तारखेला यातलं काहीच ऐकू आलं नाही. आली ती नुसती चिकटपट्टी कापल्याची कात्रीची कचकच. बारकीने सुई कपड्यात खोचली, उठली आणि ताईच्या दाराच्या फटीतून पाहिलं.

ताई बुटक्या स्टुलावर बसली होती आणि समोर एक कॅन होता. तिने उजव्या हाताने कडी धरली. हात जरासा वर आला आणि तिथेच अडकला. ताईचे ओठ पांढरे पडले. मग तिने डाव्या हाताने जोर लावून पाहिला. कॅन कलला आणि परत जागेवर बसला. ताई थोडा वेळ त्याच्यावर तळवा ठेवून बसून राहिली. मग तिने नखाने जुनी पट्टी सोलून काढली आणि त्या जागी नवी लावली, त्या दिवसाची तारीख घातलेली. आतलं पाणी जुनंच. तो झाल्यावर ती वाकून कॉटखालच्या दुसऱ्या कॅनकडे वळली. शेवटच्या कॅनवर पट्टी दाबताना तिने डोळे मिटून घेतले होते.

बारकी पावलांचा आवाज न करता परत आली. तिच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती. सुईत धागा ओवायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला, कारण डोळे सारखे भरून येत होते.

दुसरी कोणी असती तर सरळ आत गेली असती आणि म्हणाली असती, ताई, खांदा धरलाय का, सरक, मी भरते. बारकीच्याही ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ताईला दुसऱ्याकडून काही घ्यायची सवयच नव्हती. आई गेली तेव्हा बारकी शाळेत होती. तिची वेणी घालण्यापासून तिला रफूचं काम शिकायला धाडण्यापर्यंत सगळं ताईने केलं, आणि स्वतःला ताप आला तर स्वतःची नाडी स्वतः बघून स्वतःलाच रागे भरत राहिली. "माझं मी बघते" हे तिचं पालुपद. पाणी आता दुसऱ्या कोणी भरायचं म्हटलं तर ती हो म्हणेल, हात पुसेल, खिडकीशी जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही, याची बारकीला खात्री होती. शिवाय पट्टीचं आपण पाहिलंय हे तिला कळलं, तर मग बघायलाच नको. ताईला कळता कामा नये, एवढं बारकीने ठरवून टाकलं.

त्याच दुपारी ताई "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून निघाली. ही मैत्रीण अलीकडे फार लागायला लागली होती, आणि तिच्याकडून परत येताना ताईच्या अंगाला मलमाचा उग्र वास यायचा. बारकी काही दूधखुळी नव्हती. दार लागलं तसं तिने बाह्या वर केल्या.

ताईने तारीख लिहिली आहे ना, मग ती तारीख खरी करून टाकायची. इतकं सोपं. करायला मात्र सोपं नव्हतं. एकेक कॅन न्हाणीघरापर्यंत ओढत नेला, पट्टी भिजू नये म्हणून तिच्यावर फडकं गुंडाळलं, कॅन रिकामा केला, धुतला, भरला, परत ओढत आणला. जुनं पाणी फेकवेना, म्हणून त्याने दोन्ही खोल्या पुसून काढल्या. कॅन होते तसेच लावले, सगळ्यांच्या कड्या दाराकडे, कारण ताई कड्या दाराकडे ठेवायची. गुडघे बोंबलत होते, कंबर वेगळीच कुरकुरत होती. ताई परत आली तेव्हा बारकी एका कोटावर वाकून बसली होती, चेहरा लालबुंद.

"फरशी आज फार चकचकीत दिसतेय," ताई म्हणाली.

"पुसली."

"तू?"

"का, मला काय हात नाहीत?"

ताईने पटकन तिच्याकडे पाहिलं, आणि मग नजर वळवली. बारकीने जीभ चावली.

पुढच्या पहिल्या तारखेला हेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. सकाळी ताई खोटी तारीख लावायची आणि दुपारी बारकी ती खरी करायची. दोन खोल्यांचं घर, एक शिंकली तर दुसरी रुमाल शोधणार, आणि त्यात या दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. एकदा कॅन बारकीच्या हातातून निसटला आणि खोलीभर पाणी झालं. ताई आली तेव्हा ती गुडघ्यांवर बसून पुसत होती.

"चहा सांडला," बारकी म्हणाली.

ताईने ओल्या सतरंजीकडे पाहिलं, बारकीच्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं. "किती जण आले होते चहाला?" एवढंच विचारून ती आत गेली.

कळलं हिला, असं बारकीला वाटलं. पण कळलं नव्हतं. ताई त्या दिवसांत स्वतःच्या लाजेत इतकी बुडाली होती की दुसऱ्याची चोरी पकडायला तिच्यात त्राण नव्हतं. ती कमी जेवत होती. पट्टीवरचं टपोरं अक्षर महिन्यागणिक बारीक होत चाललं होतं, जणू कोणी वाचू नये म्हणूनच ती लिहीत होती. बारकी ते बघायची आणि गप्प बसायची. पाणी ताजं होतं, पण ताईला बरं वाटावं म्हणून बारकी जे करत होती तेच नेमकं तिला सांगता येत नव्हतं, आणि हे काही रफू करता येण्यासारखं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी नळाने खाकरल्यासारखा आवाज केला, थोडं तांबूस पाणी टाकलं आणि तो बंद पडला. इमारतीचा रखवालदार जिन्यातून सांगत गेला की मोठ्या रस्त्याखालची पाइपलाइन फुटली आहे, दुरुस्तीला वेळ लागणार. गच्चीवरची टाकी नेमकी आदल्या दिवशी धुवायला म्हणून रिकामी केली होती. लोकांनी टाकीचं खापर रखवालदारावर फोडलं आणि मग दुकानांकडे धाव घेतली. दुपारपर्यंत आसपासच्या दुकानांत पाण्याची बाटली औषधालासुद्धा उरली नाही.

मग इमारतीला सिस्टरची आठवण झाली. हेच लोक आजवर तिला "सिस्टर, जहाज कधी सुटणार?" असं विचारत आले होते, आणि आता बादल्या घेऊन चौथ्या मजल्यावर रांगेत उभे होते. ताईने कोणाला जहाजाची आठवण करून दिली नाही. निळ्या पिंपाचं झाकण काढलं, बारकीच्या हातात प्लास्टिकचा मग दिला आणि घरटी थोडं थोडं पाणी वाटायला लावलं. "हे वापरायचं. प्यायचं नाही. पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका," प्रत्येकाला बजावत ती दारात उभी होती, डावा हात कमरेवर, उजवा अंगाशी धरलेला. किती दिवसांनी तिचा आवाज पुन्हा वॉर्डातला झाला होता. बारकी मगाने पाणी घालता घालता तो कान भरून ऐकत होती.

पण कोणी "प्यायला आहे का हो थोडं?" असं विचारलं की तो आवाज बसायचा. "नाही. प्यायचं नाही," ताई म्हणायची, आणि समोरच्याकडे बघायची नाही.

त्या दोघी स्वतः किटलीत उरलेलं पाणी घोटघोट पुरवत होत्या. संध्याकाळी बारकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "एक कॅन काढूया का?"

"नको."

"अगं, पण..."

"नको म्हटलं ना, बारके. उद्या येईल नळाला."

पाणी ताजं आहे एवढं सांगायला बारकीने तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं.

दुसऱ्या दिवशीही नळ कोरडाच. दुपारी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरची बेकरीवाली आली होती. रोज पहाटे उठून पाव भाजायला जाणारी तरुण पोर, घरी पावडरच्या दुधावरचं तान्हं बाळ. तिच्या हातात बाळाची रिकामी बाटली होती.

"सिस्टर, थोडं प्यायचं पाणी मिळेल का? हे सकाळीच पाणी शोधायला गेलेत, अजून पत्ता नाही. दुधापुरतं दिलंत तरी चालेल. बाळ ऐकतच नाही हो."

"नाही ग," ताई म्हणाली. "माझ्याकडे प्यायचं नाही."

बेकरीवालीची नजर ताईच्या खांद्यावरून आत गेली. कॉटवरची चादर वर सरकली होती आणि खाली कॅनची रांग दिसत होती, गळ्यापर्यंत भरलेली, कड्या दाराकडे. तिने ती पाहिली, मग ताईकडे पाहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "बरं, सिस्टर," एवढंच म्हणून ती वळली. खालून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, रडून रडून घसा बसलेलं.

"थांब," ताई म्हणाली.

तिने दाराच्या चौकटीला धरलं. "पाणी आहे. तू पाहिलंस ते पाणीच आहे. पण ते शिळं आहे, हिवाळ्यापासून बदललेलं नाही. त्याच्यावर तारखा आहेत, त्या खोट्या आहेत. माझा हात चालत नाही, कॅन उचलत नाही, म्हणून मी नुसत्या पट्ट्या बदलत आले." आवाज सपाट होता. "उकळलं तर चालेलही कदाचित. मला सांगता येत नाही. आणि जे सांगता येत नाही ते मी चांगलं आहे म्हणून तान्ह्या बाळासाठी तुझ्या हातात ठेवणार नाही."

बेकरीवाली गोंधळून गेली. "असू दे हो, सिस्टर," ती पुटपुटली. "मी बघते कुठेतरी."

बारकी टेबलाशी बसून सगळं ऐकत होती. ज्या गोष्टीला इतके महिने पांघरूण घातलं ती ताईने स्वतःच परक्या पोरीसमोर उघडी करून टाकली होती. आता लपवायचं उरलं होतं ते फक्त बारकीचं. ते लपवून ताई खुर्चीपासून वाचेल असं तिला वाटत आलं होतं, आणि समोर तर ताई उभ्या उभ्या कोसळायला आली होती. बारकी उठली. मांडीवरचा कोट खाली पडला, तो तिने उचललासुद्धा नाही.

"ताई, ते पाणी याच पहिल्या तारखेचं आहे."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे. मी भरलंय."

ताई हळूहळू वळली.

"कधी?"

"तू मैत्रिणीकडे गेलीस तेव्हा."

"या महिन्यात?"

"दर महिन्यात. तू सकाळी पट्टी लावायचीस, मी दुपारी पाणी बदलायचे."

"सगळे कॅन?"

"सगळे."

बेकरीवाली एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग ताईच्या भुवया जुळल्या, आणि बारकी नकळत ताठ उभी राहिली.

"हात धुतले होतेस?"

"साबणाने. कोपरापर्यंत."

"नरसाळं?"

"उकळून."

"झाकणं?"

"तीपण उकळली. एक वाकडं झालं, ते मी बदललं."

"कॅनचा गळा कशाने पुसलास?"

"धुतलेल्या फडक्याने. वेगळं ठेवलंय ते. माझ्या धाग्यांच्या डब्याखाली."

ताईने श्वास सोडला. "आण," ती म्हणाली.

बारकीने कॅन आणला. ताईने पेला मागवला, त्यात पाणी घालायला लावलं, उजेडाकडे धरून पाहिलं, वास घेतला आणि स्वतः प्यायली. सगळा पेला प्यायली, तहानलेल्या माणसासारखी. मग बेकरीवालीला म्हणाली, "अख्खा कॅन घेऊन जा. खळखळून उकळ, कोमट होऊ दे आणि मग दूध कालव. घाई करू नकोस, तोंड भाजेल त्याचं." पिठाच्या पोत्यांची सवय असलेल्या बेकरीवालीने कॅन खांद्यावर घेतला आणि धडधडत जिना उतरली. काही वेळाने खालचं रडणं थांबलं.

ताईने दार लावलं. खिडकीशी गेली, खुर्ची ओढली आणि बसली.

"ताई, रागावलीस?"

"हो."

"कोणावर?"

"माझ्यावर. थोडी तुझ्यावर." ताई बाहेर बघत होती. "तुझे गुडघे काय म्हणतात?"

"शिव्या देतात."

"कोणाला?"

"दोघींना."

ताई हसली नाही. म्हणाली, "तू मला पाहिलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी. दाराच्या फटीतून."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू अशी खुर्चीत बसली असतीस."

आपण कुठे बसलो आहोत ते ताईच्या आत्ता लक्षात आलं. तिने खुर्चीच्या हातांकडे पाहिलं. "मी त्या पोरीला सगळ्या बाटल्या ओतायला लावल्या होत्या," ती म्हणाली. "पट्टी लावताना दर वेळी तिचं तोंड समोर यायचं. तिचं काही चुकलं नव्हतं असं नाही. पण मी तिला बसायलासुद्धा सांगितलं नव्हतं, बारके. उभ्याने रडली ती."

बारकी कॉटच्या कडेवर बसली, ताईच्या समोर. "हात केवढा वर जातो?"

ताईने उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला.

"आंघोळ कशी करतेस मग?"

"करते."

"आणि पाठ?"

आयुष्यभर ताईने बायकांच्या पाठी पुसल्या होत्या. ज्यांना कुशीवर वळता येत नव्हतं त्यांना सांभाळून वळवून, अंगावर चादर राहील असं बघून, गार हात लागू नये म्हणून आधी हात गरम करून. तिची पाठ कोणी पुसली असेल तर ती आईने, आणि ते तिला आठवतही नव्हतं.

"पाठीला हात पोचत नाही," ताई म्हणाली. "हिवाळ्यापासून."

बारकी उठली. टेबलाखालचा एक कॅन ओढून तिने झाकण फिरवलं, पातेल्यात पाणी ओतलं आणि शेगडीवर ठेवलं. टॉवेल काढला.

"काय करतेस?"

"पाठ पुसते तुझी."

"प्यायचं पाणी आहे ते. नळ बंद आहे. उद्यासुद्धा येईल की नाही कोणाला माहीत."

"पाणी मी भरलंय. कशाला वापरायचं ते मी बघते."

"बारके, अडीनडीचं आहे ते."

"मग हे काय आहे?"

बारकीने पातेलं आणून खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवलं, ताईच्या मागे गेली आणि तिच्या झग्याची बटणं काढायला लागली.

"आधी चांगला हात काढायचा बाहीतून," ताई म्हणाली. "दुखरा मागाहून."

"पेशंटने बोलायचं नसतं."

पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नव्हता तिथे, कातडी कोरडी आणि खरखरीत झाली होती. बारकीने टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला, आपल्या मनगटाला लावून पाहिला आणि पाठीवर टेकवला. ताईचे खांदे आधी आखडले. मग सैल पडले. मग हलायला लागले.

"दुखतंय का?"

ताईने मानेनेच नाही म्हटलं.

"मग?"

"गरम आहे," ताई म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता आलं नाही.

बारकीने टॉवेल पुन्हा बुडवला, पिळला आणि मानेपासून सुरुवात केली.